खाटेवरचा रुमाल

माझा धाकटा भाऊ माझ्याच घरी येतो आणि रुमाल घालून बसतो. हे मला कधीच आवडले नाही. खिशातून घडीचा पांढरा रुमाल काढायचा, एकदा झटकायचा, खाटेच्या कडेला पसरायचा आणि त्यावर असा टेकायचा की जणू खालून कोणी टाचणी लावून ठेवली आहे. ज्या बहिणीने याचे नाक पुसले, ढुंगण धुतले, तिच्या खाटेवर याला रुमाल लागतो! माझ्या घरात जमिनीवर सांडलेले उचलून खावे, अशी माझी फरशी. शेजारणी माझ्या भांड्यांत तोंड बघून केस सारखे करतात. आणि हा? पाणी दिले तर "आत्ताच प्यायलो, ताई." चहा दिला तर "पोट बरं नाही." बशीत काही ठेवले तर एकदा बशीकडे बघायचे आणि एकदा घड्याळाकडे.

शेवटी मी बोललेच. "का रे, मुकादम झालास म्हणून बूड सोन्याचं झालं का?"

"तसं नाही गं. पँट फिकी आहे, डाग पडतो."

"माझ्या खाटेवर डाग? कुठे आहे, दाखव. दाखवलास तर चाटून साफ करते."

तो हसला, पण रुमाल काही काढला नाही. जायला उठला तेव्हा त्या रुमालाची त्याने खाटेला लागलेली बाजू आत राहील अशी उलटी घडी केली, खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात रुमाल घातला आणि पिशवीला गाठ मारली. मी दारात उभी होते. माझ्या घराची घाण गाठ मारून घेऊन चालला! त्या दिवशी माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की सूनबाई म्हणाली, "आई, जरा बसा, रक्तदाब वाढेल." मी म्हटले, "वाढू दे. निदान माझं काहीतरी याच्यापेक्षा वर जाऊ दे."

आमची आई गेली तेव्हा हा रांगत होता. मी दुसरीत होते. शाळा सुटली ती सुटलीच, कारण कडेवर हे गाठोडे घेऊन वर्गात कोण बसू देणार? पाढे मला बाराच्या पुढे येत नाहीत, पण हा कोणत्या कुशीवर झोपतो ते अजून सांगेन. त्याला शिकवला मी. आणि तो मुकादम झाला, माझ्या मुलालाही त्याने हाताखाली घेतले, तेव्हा गल्लीत माझी मान इतकी ताठ झाली की खालचे काही दिसेना.

कारखाना जुन्या बॅटऱ्यांचा. गाड्यांतल्या मेलेल्या बॅटऱ्या ट्रक भरून येतात, त्या फोडायच्या, आतले शिसे काढायचे, भट्टीत वितळवायचे आणि त्याच्या विटा पाडायच्या. माझा मुलगा फोडायच्या खात्यात. मान मोडून काम करणारा, तोंडाने गरीब. बापावर गेला असता तर बोलला तरी असता.

त्याची पहिली पाळी. सूनबाई कपड्यांच्या कारखान्यात शिवायला, तिची दुसरी पाळी. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर दोन्ही कारखान्यांच्या गाड्या थांबतात. एका गाडीतून नवरा उतरायचा, दुसरीत बायको चढायची, आणि मधल्या फुटपाथवर आमची भिंगरी या कडेवरून त्या कडेवर जायची. भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून मीच ते नाव पाडले. सूनबाई धावत धावत सांगायची, "दूध प्यायलीय, ढेकर राहिलीय!" आणि गाडीचे दार लागायचे. नवराबायकोचा एवढाच संसार. उरलेला रविवारी.

माझा गुडघा गेलेला. मांडीवर घेईन, पण कडेवर घेऊन चालणे माझ्याच्याने होत नाही, आणि आमच्या बाईसाहेबांना मांडी चालत नाही, त्यांना फिरवायला लागते. म्हणून दुपारपासून पोर बापाकडे. दूध तो पाजायचा, लंगोट तो बदलायचा, आणि गाणे म्हणायचा असे की कोंबडीने ऐकले तर अंडी देणे थांबवेल. भिंगरी मात्र खूश.

कोपऱ्यावरचा न्हावी एकदा दुकानातून ओरडला, "काय रे, दाईची ड्यूटी सुरू झाली का?"

मुलगा हसून पुढे गेला. मी मात्र गुडघा ओढत दुकानापर्यंत गेले. म्हटले, "माझ्या नातीला तिचा बाप वासावरून कळतो. तुझी पोरं तुला काका म्हणतात, ते आधी बघ." खुर्चीत बसलेले गिऱ्हाईक असे हसले की वस्तरा लागला असता.

वासावरून कळतो, असे मी म्हटले होते. आता तो शब्द आठवला की अंगावर काटा येतो.

पूर्वी तो कारखान्यातून यायचा तेव्हा केस ओले असायचे, साबणाचा वास यायचा. मग एक दिवस आला तो कोरडा. केसांवर करडी भुकटी, पापण्यांवरही. पिठाच्या गिरणीतून आलेला माणूस पांढरा दिसतो तसा हा राखाडी दिसत होता.

"आज आंघोळ नाही का केलीस?"

"खोली बंद केली, आई. आंघोळीच्या जागेत आता विटा रचतात. माल वाढलाय ना."

"मग?"

"मग काही नाही. मामा म्हणाला, भोंगा झाला की गाडी सुटणार, कोणासाठी थांबणार नाही. मागच्या नळावर अंग धुवत बसलो तर गाडी जाते. मग चालत यायचं. तोवर हिची गाडी निघून जाईल, आणि हिची पाळी बुडाली की हिला काढतील."

"मग घरी येऊन कर लगेच."

"करतो की. पण तोवर या राणीला कोण धरणार? खाली ठेवली की गल्ली गोळा करते."

खरे होते. भोंगा ऐकू आला की पोर दाराकडे हात करायची, आणि तो गाडीतून उतरला की त्याच्या अंगावर अशी झेप घ्यायची की सूनबाईचा तोल जायचा. मग ती त्याच्या मानेत तोंड खुपसायची. दात येत होते. त्याच्या शर्टाची कॉलर तोंडात धरून चोखत बसायची, लाळेने कॉलर ओलीचिंब. तो तसाच खाटेवर आडवा व्हायचा, ती त्याच्या छातीवर झोपायची, आणि ती जागी होईल म्हणून तो हलायचा नाही. आंघोळ व्हायची ती दिवे लागल्यावर. बघणाऱ्याचे डोळे निवावेत, असे ते दोघे दिसायचे. मी तर शेजारणींना हाताला धरून आणायची, "बघा गं, बाप बघा."

त्या खाटेवरची चादर धुतली की पाणी शिसपेन्सिलीने गिरवल्यासारखे व्हायचे. उशीचा अभ्राही तसाच. मी घासायची. डाग गेला की वाटायचे, जिंकले.

मग भिंगरी फिरायची थांबली.

एकदम नाही. खाटेची कड धरून ती उभी राहू लागली होती, दोन पावले टाकून धपकन बसायची आणि स्वतःच टाळी वाजवायची. ती आधी टाळी वाजवेनाशी झाली. मग कड धरेनाशी झाली. पोट धरून कळवळायची, खायला दिले की तोंड फिरवायची. शेजारणी म्हणाल्या, दात येतायत, पोरं सुकतात. मीही तेच म्हटले. पण दात येणारे पोर चिडचिडे होते, असे गप्प होत नाही. ती भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत बसायची. तिथे काही नव्हते, सूनबाईने खुर्चीवर चढून बघितले, जळमटसुद्धा नव्हते. तिला एकच शब्द येत होता, बाबा. एका दुपारी भोंगा झाला, आणि तिने दाराकडे हात केला नाही. बाप आला, तिला उचलले. ती त्याच्या खांद्यावर मान टाकून कॉलर चोखू लागली. पण बाबा म्हणाली नाही. पुन्हा कधी म्हणाली नाही.

त्या आठवड्यात भाऊ आला होता. नेहमीसारखा रुमाल पसरून बसला. मी म्हटले, "बघ रे तिच्याकडे, रंग कसा उडालाय."

त्याने बघितले. बराच वेळ बघितले. मग म्हणाला, "उन्हाळा आहे. पाणी जास्त द्या." आणि उठला. त्या दिवशी तर बूडही नीट टेकले नव्हते त्याने. मी पोरीला त्याच्याकडे करून म्हटले, "घे की जरा, तुझी नातच ती," तर दोन्ही हात पाठीमागे नेले. म्हणाला, "ताई, मला मीटिंग आहे."

मला राग आला, पण त्या रागाच्या खाली काहीतरी गार सरकून गेले. पावलाखालून साप जावा आणि आपण म्हणावे दोरी असेल, तसे.

त्याच्या घरची एक गोष्ट तेव्हा डोक्यात आली. मागे मी त्याच्याकडे राहायला गेले होते. संध्याकाळी हा कामावरून आला तो पुढच्या दाराने नाहीच. बूट बाहेर पत्र्याच्या पेटीत. तिथून मागे न्हाणीघरात. खिडकीतून त्याचा नातू ओरडत होता, "आजोबा, या ना!" आणि हा आतून म्हणत होता, "थांब रे राजा, अजून नाही, अजून नाही." नखशिखान्त धुऊन, दुसरे कपडे घालून आला आणि मग नातवाला उचलले. मी भावजयीला म्हटले होते, "काय हा साहेबी थाट!" तिने नुसते भांडे घासायला घेतले. घासलेलेच भांडे होते ते.

सूनबाईनेच शेवटी हट्ट धरला आणि दवाखान्यात नंबर लावला. डॉक्टरीण तरुण होती, मला वाटले हिला काय कळणार. तिने रक्त घेतले. दोन दिवसांनी निरोप आला, बापालाही घेऊन या. मुलगा पाळी संपवून गाडीतून उतरला तो थेट तिथेच आला आणि आल्या आल्या त्याने पोरीला माझ्या मांडीवरून उचलून घेतले.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि विचारले, "घरात शिशाचं काम कोण करतं?"

माझ्या लेकाने वर्गात करतात तसा हात वर केला. "मी."

तिने मान वर केली. तो खुर्चीत बसलेला, कामाच्या कपड्यांत, पोर खांद्यावर, तिच्या तोंडात कॉलर. बाई उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि दोन बोटांनी पोरीच्या तोंडातून कॉलर काढली. विस्तव काढावा तशी.

"असंच घेता रोज? याच कपड्यांत?"

"रोज," माझा मुलगा म्हणाला. केवढा अभिमान होता त्याच्या आवाजात! "मीच सांभाळतो तिला."

मग तिने सांगितले. हळू आवाजात सांगितले, पण त्या खोलीत दुसरे काही ऐकूच येत नव्हते. ती भुकटी केसांत बसते, कपड्यांत बसते, चादरीत बसते. मोठ्याला ती हळूहळू पोखरते, पोराला लवकर. रक्तात जाते, हाडात जाते, डोक्यात जाते. औषध आहे, देऊ. किती परत येईल आणि किती येणार नाही, ते आज कोणीच सांगू शकणार नाही.

"कारखान्यात आंघोळीची सोय नाही? कपडे बदलायला जागा? तुम्हाला कोणी सांगितलंच नाही का हे?"

"कोणी म्हणजे," मुलगा म्हणाला, "आमचे मुकादम माझे सख्खे मामा आहेत. त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी सांगितल्याशिवाय सोडलं असतं का?"

माझ्या डोळ्यांपुढे तो रुमाल आला. उलटी घडी, पिशवी, गाठ. मी खुर्चीची कड धरली. सून माझ्याकडे बघत होती. तिलाही तोच दिसला असणार, कारण ती पुटपुटली, "पाणीसुद्धा पीत नव्हते ते आपल्याकडे."

त्या दिवसापासून माझा मुलगा घरात आला नाही. म्हणजे आला, पण बाहेरच्या पायरीपर्यंतच. कारखान्याच्या मागच्या नळावर अंग घासघासून लाल करतो, गाडी सोडून चालत येतो, इथे पुन्हा घासतो, आणि तरी पायरीवरच बसतो. सूनबाईची पाळी बुडतेय ती बुडतेय, कामावरून चिठ्ठी आली आहे. काल आम्ही पोरीला दारात चटईवर बसवले होते. तिने बापाला बघितले. किती दिवसांनी तिचा हात उचलला गेला, त्याच्याकडे. आणि तो मागे सरकला. दोन्ही पंजे काखेत दाबले आणि पायरीवरून एक पायरी खाली उतरला. बाप आपल्या लेकीला भिऊन मागे सरकतो, हे मी या डोळ्यांनी बघितले. हात तसाच राहिला तिचा थोडा वेळ. मग तोही खाली आला.

आज दिवेलागणीच्या आधी भाऊ आला. धुतल्या तांदळासारखा, इस्त्रीचे कपडे. पायरीवरच्या भाच्याच्या बाजूने अंग चोरून वर आला. दारातच उभा राहिला.

"ताई, कळलं मला. वाईट झालं."

"आत ये."

"उद्या तुमच्याकडे सरकारी माणसं येणार आहेत. त्या डॉक्टरणीने लिहिलंय वर. तुला विचारतील."

"विचारू देत."

तो जवळ आला, आवाज खाली केला. "हे बघ, तुझा तो जुना पाळणा आहे ना, रंगवलेला. जुन्या रंगातही शिसं असतं. पोरीने रंग खरवडून खाल्ला, एवढंच म्हणायचं. तू म्हटलंस की झालं. गल्लीत तुझा शब्द खाली पडत नाही, ती माणसंही मानतील."

"आणि मग?"

"मग याला मी फाटकावर घेतो. पहारा. स्वच्छ काम, स्वच्छ कपडे. उद्यापासून पोरीला खुशाल उचलू दे. तुला दुसरं काय हवंय?"

पायरीवर माझ्या मुलाने मान वर केली. खोटे का बोलू, माझ्या मनात आले, घे. पाळण्याचे काय जाते, तो बोलणार आहे थोडाच? पोराच्या कडेवर पोर परत येईल. सून दारामागे श्वास रोखून उभी होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मग पायरीवरून मुलगा म्हणाला, "मामा, भट्टीवाल्याचं बाळ तर भिंगरीपेक्षा लहान आहे. तोही भोंग्यालाच निघतो. त्याचं काय?"

"तू तुझं बघ," भाऊ म्हणाला. "मी काय करू रे? मला वरून सांगितलं, माल वाढवा, जागा करा. पाळी संपल्यावरचा वेळ कंपनीचा नाही म्हणाले. मी कोण ठरवणारा?"

"घरी करतोस ती सोड. कारखान्यात तुझी आंघोळ कुठे होते?" मी विचारले.

"माझी?"

"तुझी. रोज."

"ऑफिसच्या मागे आहे एक... साहेब लोकांसाठी."

"तिथे नाही रचल्या विटा?"

त्याने घड्याळाकडे बघितले. बाहेर न्हाव्याच्या दुकानाचे शटर खाली ओढल्याचा आवाज आला.

मी खाटेजवळ गेले. चादर नवी घातलेली होती, जुनी आम्ही डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून गाठोडे करून बाहेर ठेवली होती. गादी तीच. भिंगरी भिंतीला टेकून बसली होती, वरच्या कोपऱ्याकडे बघत. मी तिला थोडी बाजूला केली आणि तिच्याशेजारची जागा हाताने साफ केली.

"बस, धाकट्या. उभ्या उभ्या नको बोलूस. तुझी ताई सांगते, बस."

तो पुढे आला. आणि त्याचा हात आपोआप खिशात गेला. सवय. पांढऱ्या कापडाचे टोक बाहेर आले, आणि मग त्याला कळले की आम्ही सगळे बघतोय. हात तिथेच थांबला. ना रुमाल बाहेर येतो, ना आत जातो. माणूस ना बसतो, ना निघतो. लहानपणी त्याची चोरी पकडली की तो असाच उभा राहायचा, तेव्हा मी त्याला जवळ घेत असे.

मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने, पायरीपर्यंत ऐकू जाईल असे म्हटले, "ज्या खाटेवर तू स्वतःची पँट टेकवली नाहीस, त्या खाटेवर तू माझ्या नातीला झोपू दिलंस, आणि समोर बसून बघत राहिलास. उद्या कोणीही येऊ दे, कोणीही विचारू दे, पाळण्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. तुझं निघेल."